जायबंदी संघाचं विजेतेपद : लॉस एंजेलिस डॉजर्स, २०२४

नरक चतुर्दशीची सकाळ, ३१ ऑक्टोबर २०२४. आपल्याकडे अभ्यंगस्नानं उरकून फराळाची ताटं मांडली जात होती. न्यूयॉर्कमध्ये अजून आदल्या दिवसाची रात्र होती आणि यांकी स्टेडियमवर न्यूयॉर्क यांकींविरुद्ध बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अंतिम मालिकेच्या, पाचव्या सामन्याची नववी इनिंग टाकायला वॉकर ब्यूलर मैदानात येत होता. डॉजर्स ७-६ असे पुढे. आणखी तीन गडी बाद झाले की विजेतेपद हातात.

त्या जागी ब्यूलर असायचं काहीच कारण नव्हतं. तो सामन्याची सुरुवात करणारा पिचर (चेंडू टाकणारा), शेवटची इनिंग टाकणारा नव्हे. दोनच दिवसांपूर्वी तिसऱ्या सामन्यात त्यानं पाच इनिंग टाकल्या होत्या. त्याच्या उजव्या कोपरावर दोनदा मोठी शस्त्रक्रिया झालेली. त्या वर्षाच्या साखळी सामन्यांत त्याच्या नावावर एक विजय आणि सहा पराभव होते, आणि दर नऊ इनिंगमागे त्यानं ५.३८ धावा दिल्या होत्या. सुरुवातीचा पिचर चारच्या आत राहिला तर चांगला मानतात. म्हणजे आकड्यांकडे बघून कुणी त्याच्या हातात चेंडू दिला नसता. पण बाकीचे दमले होते, नाहीतर जायबंदी होते.

हे का झालं आणि कसं निभावलं, ते लिहून ठेवावं म्हणून हा लेख. त्या हंगामाचं नाव निघालं की सगळे पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीच्या पन्नास-पन्नासबद्दल, म्हणजे एकाच मोसमात पन्नास होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) आणि पन्नास बेस चोऱ्या (फटका नसताना पुढच्या बेसवर पळून जाणं) याबद्दल बोलतात. बोलावंच, तसं याआधी कुणी केलेलं नाही. पण तो विक्रम आणि संघाची ती भलीमोठी जखमी यादी या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांगितल्या जातात, तिथे माझा आक्षेप आहे. डॉजर्सच्या त्या वर्षात जवळजवळ प्रत्येक मोठ्या टप्प्याच्या मुळाशी कुणाची तरी दुखापत सापडते.

पैसा कुठे लागला होता

डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सनी ओहतानीशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. त्यातले ६८ कोटी कराराची दहा वर्षं संपल्यानंतर द्यायचे. तोवर वर्षाला फक्त २० लाख. मग जपानहून योशिनोबू यामामोटो आला, १२ वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलरवर. टॅम्पा बेहून टायलर ग्लासनाऊला आणलं आणि त्याच्याशीही पाच वर्षांचा, साडेतेरा कोटींहून मोठा करार केला. घरात मूकी बेट्स आणि फ्रेडी फ्रीमन होतेच. कागदावर हा संघ हरणं कठीण, असंच सगळे म्हणत होते.

पण त्याच कागदाच्या मागच्या बाजूला दुसरी यादी होती. ओहतानीच्या उजव्या कोपरावर सप्टेंबर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झालेली, म्हणजे २०२४ मध्ये तो फक्त बॅटिंग करणार. पिचर क्लेटन कर्शॉच्या खांद्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेली. डस्टिन मे आणि टोनी गोन्सोलिन हे दोघे पिचरही कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरत होते. ब्यूलर तर जून २०२२ पासून एकही सामना खेळला नव्हता. हंगाम सुरू व्हायच्या आधी, मार्चमध्ये, सरावाच्या सामन्यात जोरात आलेला चेंडू लागून पिचर ब्लेक ट्रायननच्या बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसाला मार बसला. या ट्रायननचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मोसमाची सुरुवात २० मार्चला दक्षिण कोरियात, सोलमध्ये झाली. तिथेच ओहतानीच्या दुभाष्याचं जुगाराचं प्रकरण बाहेर आलं. त्यावर भरपूर लिहून झालंय, इथे त्याचं काम नाही.

यादी चालते कशी

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, सामन्यासाठी २६ जणांचा चमू आणि त्यामागे ४० जणांची मोठी यादी असते. बॅटर जखमी झाला तर किमान १० दिवस, पिचर जखमी झाला तर किमान १५ दिवस तो जखमी यादीत जातो आणि त्याच्या जागी बदली माणूस येतो. दुखापत मोठी असेल तर ६० दिवसांच्या यादीत टाकतात आणि मग तो ४० जणांतही धरला जात नाही. तिथे नवा खेळाडू घेता येतो. ऐकायला हे कारकुनी वाटतं. पण १६२ सामने साधारण सहा महिन्यांत खेळायचे, आठवड्यातून सहा दिवस मैदानात उतरायचं, तेव्हा कुणाला १५ दिवसांत ठेवायचं, कुणाला ६० मध्ये ढकलायचं, ओक्लाहोमा सिटीच्या दुय्यम संघातून कुणाला बोलवायचं, हा रोजचा संसार होतो. संघाचे कारभारी अँड्र्यू फ्रीडमन, ब्रँडन गोम्स आणि मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी त्या वर्षी हाच संसार केला.

तो किती ओढाताणीचा होता, हे एका आकड्यात दिसतं. गोलंदाजीच्या सरासरीच्या क्रमवारीत यायला १६२ इनिंग लागतात. डॉजर्सचा एकही पिचर तिथवर पोचला नाही. सर्वांत जास्त इनिंग टाकल्या गॅव्हिन स्टोननं, १४० आणि एक तृतीयांश. ग्लासनाऊ १३४ वर थांबला. एवढं असून संघानं ९८ सामने जिंकले, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक.

जूनचे दोन दिवस

मला विचाराल तर या हंगामाचा कणा १५ आणि १६ जून हे दोन दिवस आहेत.

शनिवारी १५ तारखेला कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध यामामोटो दोन इनिंग टाकून बाहेर गेला. आधी दंडाचा मागचा स्नायू आखडलाय असं वाटलं, मग निघालं की खांद्याच्या स्नायूंना ताण बसलाय. तो परतला १० सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याच संघाच्या पिचरचा ताशी सुमारे ९८ मैलांचा चेंडू बेट्सच्या डाव्या हातावर बसला. हाड मोडलं. बेट्स तिथेच मातीत कोसळला. त्या क्षणापर्यंत तो डावाची सुरुवात करायचा आणि शॉर्टस्टॉपला उभा राहायचा. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षणाची जागा) ही मुळात त्याची जागा नव्हे. संघाला गरज होती म्हणून मोसमाच्या तोंडावर तो ती शिकत होता.

आता पुढची साखळी बघा. बेट्स गेला म्हणून दुसऱ्या दिवसापासून ओहतानी पहिल्या क्रमांकावर बॅटिंगला यायला लागला. पहिला क्रमांक म्हणजे सामन्यात एखादी जास्तीची पाळी, आणि डावाच्या सुरुवातीला पुढचे बेस मोकळे. बेट्स १२ ऑगस्टला परतला तेव्हा हा क्रम पुन्हा बदलला नाही. ओहतानी पहिला, बेट्स दुसरा, फ्रीमन तिसरा. बेट्स शॉर्टस्टॉपलाही परत गेला नाही, उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या जागी गेला. मधल्या काळात, जुलैअखेर, डॉजर्सनी सेंट लुइसकडून टॉमी एडमन घेतला. मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे तो तोवर त्या हंगामात एकही सामना खेळलेला नव्हता. जायबंदी संघानं जायबंदी माणूस विकत घेतला म्हणून लोक हसले. ऑक्टोबरमध्ये मिगेल रोहासला दुखापत झाली, शॉर्टस्टॉपची जागा एडमनकडे आली आणि मेट्सविरुद्धच्या मालिकेत ११ धावा आणून देऊन तो मालिकावीर ठरला.

कोपर, आणि पन्नास-पन्नास

ओहतानीनं त्याआधीच्या कुठल्याही मोसमात २६ पेक्षा जास्त बेस चोरले नव्हते. २०२४ मध्ये ५९ चोरले. हा फरक नुसत्या पायांच्या वेगाचा नाही. आधीच्या वर्षांत तो दर आठवड्याला पिचिंग करायचा, त्यामुळे पाय जपून वापरावे लागायचे. बेस चोरताना घसरण्यात, डोकं खाली घालून झेपावण्यात खांदा, बोटं, मांडी सगळंच पणाला लागतं. २०२४ मध्ये कोपरामुळे पिचिंग बंद होतं, म्हणून पाय मोकळे झाले. त्यानं उन्हाळाभर पळण्यावर मेहनत घेतली, समोरच्या पिचरच्या सवयी टिपल्या. कोपर धड असतं तर पन्नास-पन्नास झालं नसतं, असं मी ठामपणे म्हणेन.

२३ ऑगस्टला टॅम्पा बेविरुद्ध चाळीसावी चोरी आणि चाळीसावा होम रन एकाच सामन्यात आला, आणि तो होम रन म्हणजे नवव्या इनिंगमधला सामना संपवणारा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर आपले धावपटू असताना मारलेला होम रन). इतिहासात याआधी पाच जणांनीच चाळीस-चाळीस केलं होतं. १२६ व्या सामन्यात, म्हणजे एवढ्या लवकर, त्यांच्यातलं कुणीच पोचलं नव्हतं.

मग १९ सप्टेंबर, मायामी. पहिल्या इनिंगमध्ये पन्नासावी चोरी, दुसऱ्यात एक्कावन्नावी. तिसऱ्या इनिंगमध्ये दोन धावा आणणारा फटका मारून तिसऱ्या बेसकडे धावला आणि तिथे बाद झाला. सहाव्या, सातव्या आणि नवव्या इनिंगमध्ये एकेक होम रन. सहा पाळ्या, सहा फटके, तीन होम रन, दहा धावा आणून दिल्या. सामना २०-४. सातव्या इनिंगमधला होम रन पन्नासावा होता. डॉजर्ससाठी एका मोसमात ४९ होम रनचा शॉन ग्रीनचा २००१ चा विक्रमही त्याच सामन्यात मोडला. आणि त्याच विजयानं संघ बाद फेरीत गेला. ओहतानीच्या अमेरिकेतल्या सात वर्षांत ही पहिलीच बाद फेरी. मोसम संपला तेव्हा ५४ होम रन आणि ५९ चोऱ्या. एकमतानं सर्वोत्तम खेळाडू. मैदानात क्षेत्ररक्षणाला एकदाही न उतरता हा मान मिळवणारा तो पहिलाच.

ज्यांचं कौतुक राहून गेलं

आता जरा थांबून ज्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं त्यांच्याबद्दल लिहितो.

रिव्हर रायन. २२ जुलैला पदार्पण, चार सामने, नऊ इनिंगमागे १.३३ धावा. ऑगस्टमध्ये कोपराचा अस्थिबंध गेला, शस्त्रक्रिया. एमेट शीहन, काइल हर्ट : तीच शस्त्रक्रिया, तेच वर्ष. गॅव्हिन स्टोन, संघात सर्वाधिक इनिंग टाकणारा, ११ विजय मिळवणारा मुलगा : ऑगस्टअखेर खांदा, ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया, पुढचं सगळं २०२५ वाया. ग्लासनाऊचं कोपर ऑगस्टमध्ये गेलं आणि सप्टेंबरमध्ये त्याचा हंगाम संपला. कर्शॉ २५ जुलैला परतला, सात सामने खेळला आणि ३० ऑगस्टला डाव्या पायाच्या अंगठ्यातल्या वाढलेल्या हाडानं त्याला थांबवलं.

आणि डस्टिन मे. कोपर बरं होत आलं होतं, परतीची तयारी सुरू होती. जुलैमधल्या एका रात्री जेवताना सॅलडचं पान घशात अडकलं. ते उतरवायला पाणी प्यायला आणि त्या नादात अन्ननलिका फाटली. रात्रीच तातडीनं पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागली. मैदानावरच्या माणसाचं वर्ष असंही जातं.

कोपराच्या या शस्त्रक्रियेचा डॉजर्सशी जुना संबंध आहे. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचाच पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरातला तुटलेला अस्थिबंध काढून तिथे त्याच्या उजव्या हाताच्या मनगटापासची स्नायूदोरी बसवली. यशाची शक्यता फार कमी असल्याचं डॉक्टरांनीच त्याला सांगितलं होतं. १९७६ मध्ये तो परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. तेव्हापासून शस्त्रक्रियेला त्याचंच नाव. २०२४ मध्ये त्याला ५० वर्षं झाली, आणि ज्या संघात ती जन्मली त्याच संघाची अर्धी पिचिंग तिच्या टाक्यांवर उभी होती.

कारण काय, हे आता गुपित राहिलेलं नाही. मेजर लीगनं डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या अभ्यासाचा अहवाल प्रसिद्ध केला. चेंडूचा वाढता वेग, चेंडू जास्तीत जास्त वळवण्याचा सोस आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनं टाकण्याची सवय, हीच मुख्य कारणं त्यात दिली आहेत. क्रिकेट बघणाऱ्याला हे समजावून सांगायला नको, वेगवान गोलंदाजाच्या पाठीचं काय होतं ते आपण बुमराच्या बाबतीत पाहिलंय. डॉजर्सचं व्यवस्थापन हुशार आहे. पण या मुलांना इतक्या वेगानं चेंडू टाकायला शिकवणाऱ्यांतही तेच होते, आणि विजयाच्या मिरवणुकीत हा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ऑक्टोबर : तीन पिचर आणि बाकी सगळे

बाद फेरीत डॉजर्सकडे सुरुवात करणारे धड पिचर तीन : यामामोटो, जुलैअखेर डेट्रॉइटहून आणलेला जॅक फ्लाहर्टी, आणि ब्यूलर. पहिल्याच मालिकेत सॅन डिएगोनं २-१ अशी आघाडी घेतली. आणखी एक पराभव म्हणजे हंगाम खलास. ९ ऑक्टोबरच्या चौथ्या सामन्यात फ्रीमन खेळू शकत नव्हता आणि सुरुवात करायला पिचरच नव्हता. रॉबर्ट्सनी राखीव पिचरांवर सगळा सामना काढायचं ठरवलं. आठ जण एकामागून एक आले, प्रत्येकानं थोडं-थोडं टाकलं, आणि डॉजर्स ८-० जिंकले. पाचव्या सामन्यात यामामोटोनं पाच इनिंग टाकल्या, निकाल २-०. मालिकेच्या शेवटच्या २४ इनिंगमध्ये सॅन डिएगोला एकही धाव करता आली नाही. मेट्सविरुद्धचा पहिला सामना धरून हा आकडा ३३ इनिंगवर गेला आणि बाद फेरीतल्या १९६६ च्या विक्रमाशी बरोबरी झाली. हा विक्रम केला तो मुख्य पिचर गमावलेल्या संघानं. चौथ्या सामन्यात तर इनिंग वाटून घेतल्यामुळे समोरच्या बॅटरला एकाच पिचरला दुसऱ्यांदा वाचायची संधीच मिळत नव्हती.

फ्रीमनचा घोटा

फ्रेडी फ्रीमनचं वर्ष वेगळं सांगावं लागेल. जुलैअखेर त्याच्या तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला गियां-बारे सिंड्रोम झाला. शरीराचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटते. मुलाला श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. फ्रीमन आठ सामने घरी राहिला, ५ ऑगस्टला परतला तेव्हा डॉजर स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि तो रडत होता. ऑगस्टमध्येच त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला बारीक चीर गेली. २६ सप्टेंबरला पहिल्या बेसवर धडक टाळताना उजवा घोटा मुरगळला. अशा घोट्याला चार ते सहा आठवडे लागतात, तो नऊ दिवसांत खेळायला उतरला. बरगडीजवळची कूर्चाही तुटली होती, हे तर मोसम संपल्यावर कळलं. पहिल्या दोन मालिकांत त्याला सात फटके मिळाले, सातही एकेका बेसचे. रोज सामन्याआधी तासन् तास उपचार चालायचे.

२५ ऑक्टोबर, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, समोर यांकी. आपल्याकडे शनिवार सकाळचे नऊ वाजले होते. दहावी इनिंग, यांकी ३-२ पुढे, दोन बेसवर डॉजर्सचे दोघे. यांकींनी नेस्टर कोर्टेसला आणलं. तोही कोपराच्या दुखापतीतून उठलेला, १८ सप्टेंबरनंतर एकही सामना न खेळलेला. त्याच्या पहिल्या चेंडूवर ओहतानीचा झेल गेला. बेट्सला मुद्दाम चालत पाठवलं, म्हणजे खेळू न देता पहिला बेस देऊन टाकला, बेस भरले. पुढचा चेंडू फ्रीमनला. तो उजवीकडच्या प्रेक्षकांत गेला. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात सामना संपवणारा ग्रँड स्लॅम त्याआधी कुणी मारला नव्हता. त्याच मैदानावर १९८८ च्या पहिल्या सामन्यात दोन्ही पायांनी लंगडणाऱ्या कर्क गिब्सननं उजवीकडेच होम रन मारून सामना संपवला होता. फ्रीमननं बेस पूर्ण केले आणि थेट जाळीकडे धाव घेतली, जिथे लहानपणापासून त्याला चेंडू टाकणारे त्याचे वडील उभे होते. जाळीतून दोघांनी एकमेकांचे हात धरले. मी हे रीप्ले किती वेळा पाहिलं याचा हिशेब नाही.

पहिल्या चारही सामन्यांत त्यानं होम रन मारले, एकूण १२ धावा आणून दिल्या, मालिकावीर झाला. दुसऱ्या सामन्यात दुसरा बेस चोरताना ओहतानीचा डावा खांदा निखळला. ज्या चोऱ्यांनी विक्रम दिला त्याच चोरीनं खांदा घेतला. तरी तो पुढचे सगळे सामने खेळला.

पाचव्या सामन्यात डॉजर्स ०-५ मागे होते. फ्लाहर्टी दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर गेला होता. पाचव्या इनिंगमध्ये यांकींच्या हातून चुका झाल्या. ॲरन जजच्या हातून झेल सुटला, अँथनी व्होल्पीचा थ्रो चुकला, बेट्सच्या साध्या फटक्यावर पिचर गेरिट कोल पहिल्या बेसकडे धावलाच नाही. फ्रीमननं दोन, टिओस्कार हर्नांडेझनं दोन धावा आणल्या. ५-५. मग यांकी ६-५ पुढे गेले, आणि आठव्यात डॉजर्सनी दोन धावा काढून ७-६. मार्चमध्ये बरगड्या मोडलेल्या ट्रायननं ४२ चेंडू टाकून सात गडी बाद केले. मग ब्यूलर आला. तीन बॅटर, तिघे बाद, शेवटचा वळत्या चेंडूवर. दोन्ही हात पसरून तो कॅचरकडे बघत उभा राहिला.

मिरवणुकीनंतर

शुक्रवारी, १ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये मिरवणूक निघाली. मंगळवारी, ५ नोव्हेंबरला ओहतानीच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच आठवड्यात कर्शॉच्या पायावर आणि गुडघ्यावर. डिसेंबरमध्ये फ्रीमनच्या घोट्यावर. ब्यूलर बॉस्टनला गेला.

कर्शॉचा एक टप्पा मात्र राहिला होता. २०२४ चा हंगाम संपला तेव्हा त्याचे २,९६८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बाद केलेले बॅटर) होते, ३,००० ला ३२ कमी. २ जुलै २०२५ ला डॉजर स्टेडियमवर शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध त्याला शेवटचा एक हवा होता. सहावी इनिंग सुरू होती. तिसऱ्या बेसवर चोरी करायला आलेला धावपटू बाद झाला, पण तिथे उभ्या असलेल्या मॅक्स मन्सीच्या डाव्या गुडघ्यावर आदळला. मन्सी जमिनीवर कळवळत होता. कर्शॉ चेंडू हातात घेऊन थांबला. मन्सीला आधार देऊन बाहेर नेलं, बदली खेळाडू तिसऱ्या बेसवर आला, आणि कर्शॉनं आपला शंभरावा चेंडू टाकून तीन हजारावा गडी बाद केला.